ओझ्याचा रस्ता : बारामती ते इंदापूर, पिंपळीमार्गे

बारामतीहून इंदापूरला निघाले की पाच-सहा किलोमीटरवर पिंपळी येते. तिला लागूनच लिमटेक. पुढे काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, शेळगाव फाटा, गोतोंडी, निमगाव केतकी आणि शेवटी इंदापूर. सगळा मिळून रस्ता पन्नासेक किलोमीटरचा. मधली गावे एसटीच्या पाटीवर मावत नाहीत, पण कंडक्टरला ती तोंडपाठ असतात. जवळपास प्रत्येक नावाला कोणीतरी उतरणारे असतेच.

बोरघाटावर, मुंबई-आग्रा रस्त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दोन तालुक्यांच्या गावांना जोडणाऱ्या राज्य महामार्गाची बखर मात्र कोणी लिहीत नाही. त्याला ना कोण्या सेनापतीची कूच लाभलेली, ना कोण्या साहेबाचे नाव. बारामती-इंदापूर रस्त्याची गोष्ट त्यामुळे वेगळ्या टोकाने धरावी लागते. रस्ता कोणी बांधला, यापेक्षा त्याच्यावरून कोणत्या काळात कोणते ओझे गेले, हे विचारले की ती नीट उलगडते.

आधी भूगोल पाहू. उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि दोघींची गाठ नीरा नरसिंहपूरला. इंदापूर तालुका म्हणजे या दोन नद्यांचे बेचके. बारामती कऱ्हेच्या काठी. कऱ्हा पुढे सोनगावजवळ नीरेला मिळते. इंदापूर भीमेच्या अंगाला. म्हणजे आपला रस्ता नीरेच्या खोऱ्यातून निघतो आणि भीमेच्या खोऱ्यात उतरतो. वाटेत घाट नाही, मोठी नदी नाही. आहेत ते ओढे, आणि तेही बरेचदा कोरडे. सह्याद्रीवर रिता होऊन आलेला पाऊस इथे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही लहरीप्रमाणे.

घाटरस्त्याला खिंड म्हणेल तिथूनच जावे लागते. या माळरानावर तशी सक्ती नव्हती. गाडीवाट चार कोस इकडून गेली काय किंवा तिकडून, काही अडत नव्हते. तरी नेमक्या याच गावांच्या ओळीला एवढे महत्त्व का आले?

चाके येण्याआधी

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापर्यंत या मुलखात मालाची मुख्य वाहतूक बैलांच्या पाठीवरून होई. वंजाऱ्यांचे तांडे कोकणातून मीठ आणत, देशावरचे धान्य नेत. गाड्या होत्या, पण मोजक्या आणि अवजड; भरीव चाकांची ती धुडे शिवारातल्या शिवारात चालायची. लांब पल्ल्याला त्यांचा उपयोग नव्हता. पाठीवरच्या ओझ्याला रस्ता लागत नाही, पायवाट पुरते. त्यामुळे या काळात ‘रस्ता’ म्हणजे एका गावच्या पाणवठ्यापासून दुसऱ्या गावच्या पाणवठ्यापर्यंतची मळलेली वाट, एवढाच अर्थ होता.

बदल सुरू झाला तो इंदापुरातून, आणि त्याला कारण ठरला शेतसारा. पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारच्या वतीने प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी करून सारा ठरवला. हिशेब कागदावर नेटका होता, पण सारा रयतेला झेपेना. इंदापूर तालुक्यात जमिनी ओस पडल्या, लोक गावे सोडू लागले. मग गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नव्याने मोजणी केली आणि १८३६ साली इंदापुरात तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. प्रत्येक शेताला नंबर, हद्दीला दगड आणि जमिनीच्या प्रतीनुसार आकार. ही पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. सातबाऱ्यावरच्या ‘सर्व्हे नंबर’चे मूळ या पद्धतीत आहे.

रस्त्याशी याचा संबंध असा की, या मोजणीवाल्यांनी जमिनीबरोबर गाड्याही मोजल्या. तालुका सुधारला की बिघडला हे सांगायला त्यांच्या अहवालांत विहिरी, नांगर, बैल आणि गाड्या यांचे तक्ते असत. त्याच मोजणी खात्यातल्या लेफ्टनंट गेसफर्डने १८३० च्या दशकात भीमेपलीकडे टेंभुर्णीला गाड्यांचा कारखाना काढला. आऱ्यांच्या चाकाची, हलकी, दोन बैलांना सहज ओढता येईल अशी गाडी तिथे तयार होऊ लागली. गावोगावच्या सुतारांनी तिचा नमुना उचलला. पाठीवरचे ओझे चाकावर आले, आणि चाकाला पायवाट पुरत नाही.

१८५८ साली लोहमार्ग पुण्याहून भीमेकाठच्या दिक्सळपर्यंत आला, १८६० मध्ये सोलापूरला पोचला. धान्य आता रेल्वेच्या स्टेशनापर्यंत नेले की काम भागत होते, म्हणून स्टेशनाकडे जाणाऱ्या वाटा रुळू लागल्या. १८६९ च्या मुंबईच्या कायद्याने शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा लोकल फंड बसला. त्यातले दोन वाटे रस्त्यांना, एक वाटा शाळांना. खेडोपाडीचे कितीतरी मुरमाचे रस्ते आणि सरकारी शाळा या एकाच आण्यातून आल्या.

या सुधारणेला दुसरी बाजूही होती. तीस वर्षांची मुदत संपताच १८६० च्या दशकात साऱ्याची फेरतपासणी झाली. गाड्या वाढल्या, रेल्वे आली, बाजार जवळ आला, तेव्हा सारा वाढवायला हरकत नाही, असा सरकारी हिशेब. कापसाचे चढे भाव तोवर कोसळले होते. कर्जात रुतलेल्या कुणब्यांचा राग १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात फुटला आणि सावकारांच्या वह्या, कर्जरोखे जळाले. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडीत होते. इतिहासात या उठावाला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

दुष्काळाने खणलेला कालवा

सुप्याच्या उठावानंतर वर्षभरातच पावसाने दगा दिला. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या आठवणीतल्या सर्वांत भयंकर दुष्काळांपैकी एक. सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली : खडी फोडणे, रस्त्यांना भराव घालणे, तलाव खणणे. भारत सरकारचा दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल याने मजुरी कमी केली तेव्हा पुणे जिल्ह्यातल्या मजुरांनी कामे सोडून निषेध केला. सार्वजनिक काका जोशी यांच्या पुढाकाराने चाललेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने या काळात गावोगावचे हाल लिहून सरकारपुढे मांडले.

या दुष्काळी कामांतूनच नीरा डावा कालवा सुरू झाला. १८७६ मध्ये पहिली कुदळ पडली आणि १८८५ मध्ये पाणी वाहू लागले. कालव्याला बारमाही पाणी मिळावे म्हणून भोर संस्थानच्या हद्दीत, येळवंडी नदीवर भाटघरचे धरण बांधले गेले; पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या जागी मोठे लॉइड धरण आले. सुमारे दीडशे किलोमीटर लांबीचा हा कालवा नीरेच्या उत्तर अंगाने, जमिनीची समपातळी धरत, पुरंदर आणि बारामतीतून इंदापूर तालुक्यात उतरतो.

आता वर विचारलेल्या प्रश्नाकडे येऊ. पिंपळी, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे ही गावे कालव्याच्या लाभक्षेत्रात ओळीने येतात. ज्या माळावरून वाट कुठूनही गेली असती, तिथे पाण्याने एक पट्टा हिरवा केला आणि वाहतूक त्या पट्ट्याला चिकटली. सपाट मुलखात खिंडीचे काम कालव्याने केले.

हे एका रात्रीत झाले नाही. सुरुवातीला शेतकरी पाणी घेईनात. चांगल्या पावसाच्या वर्षी पाणपट्टी कशाला भरायची, आणि वाईट वर्षी पाणी मागावे तर सगळेच मागणार. कालव्याच्या पाण्याची खरी किंमत कळली ती बारमाही पिकाला, म्हणजे उसाला. सासवडकडच्या माळी बागायतदारांनी कालव्याकाठी खंडाने जमिनी घेऊन ऊस लावला. खत, पाणी आणि मशागत यांचा मेळ त्यांना साधलेला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी पुढे जगद्विख्यात झालेले अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली : काही वर्षांसाठी ठराविक क्षेत्राला पाण्याची हमी आणि त्यात उसाला नेमून दिलेला हिस्सा. हमी मिळाली, ऊस वाढला. आणि ऊस हे पीक शेतात राहत नाही; तोडले की ताबडतोब हलवावे लागते.

ढेप, साखर आणि अणुभट्टी

पहिले ओझे गुळाचे. गुऱ्हाळाच्या काहिलीतून निघालेला गूळ ढेपांच्या रूपात गाडीत रचून बारामतीच्या अडतीला येई. १९१४ मध्ये दौंड-बारामती ही अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली आणि बारामतीच्या गुळाला बाहेरची दारे उघडली. पण रूळ बारामतीपाशी थांबले. इंदापूरच्या दिशेने ते कधीच गेले नाहीत. त्यामुळे पिंपळीपासून निमगाव केतकीपर्यंतचा सगळा माल रस्त्यानेच यायचा, आणि आजही तसाच येतो.

दुसरे ओझे साखरेचे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९२० च्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या कळंबला मोठ्या प्रमाणावर जमिनी घेतल्या आणि १९३० च्या दशकात तिथे साखर कारखाना उभा केला. कळंबचे वालचंदनगर झाले. मुख्य रस्त्यावरून वालचंदनगरला वळायचे ते जंक्शनला. वालचंदनगरने साखरेची यंत्रे बनवता बनवता अणुऊर्जा प्रकल्पांची अवजड सामग्री आणि इस्रोच्या अग्निबाणांची धातूची कवचे बनवायला घेतली. ज्या गावाला रेल्वे नाही, तिथून हा माल बाहेर पडायचा तो रस्त्यानेच. अनेक चाकांचे ट्रेलर, माणसाच्या चालीने, पुढे-मागे झेंडेवाले, आणि बाजूला मोळ्या भरलेली बैलगाडी. असे दृश्य फार थोड्या राज्य महामार्गांच्या नशिबी आले असेल.

तिसरे ओझे सहकाराचे. स्वातंत्र्यानंतर भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर खासगी कारखान्यांच्या मळ्यांच्या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या, वालचंदनगरच्याही. ऊस आता हजारो लहान शेतकऱ्यांच्या तुकड्यांतून येऊ लागला. रस्त्याच्या दृष्टीने हा फरक मोठा. एका मालकाचा मळा असतो तेव्हा तो स्वतःच्या ट्रॉली-वाटा स्वतः बांधतो. हजार मालक असले की प्रत्येकाची गाडी सार्वजनिक रस्त्यावर येते.

हिरव्या डोक्याचा दगड

आतापर्यंत आपण याला ‘रस्ता’ म्हटले. तो ‘राज्य महामार्ग’ कसा झाला, त्यामागे एका मराठी बॅरिस्टराचा हात आहे. १९२७ मध्ये देशातल्या रस्त्यांचा विचार करायला जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मोटारी वाढत आहेत, रस्त्यांचा खर्च स्थानिक मंडळांना झेपणारा नाही, तेव्हा पेट्रोलवर जादा कर घेऊन तो रस्त्यांवरच खर्च करावा, असे या समितीने सांगितले. १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ता निधी सुरू झाला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली.

मग १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपूरला जमले. त्यांनी आखलेल्या योजनेला ‘नागपूर योजना’ म्हणतात. रस्त्यांची वर्गवारी तिथे ठरली : राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. शेतीने समृद्ध भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, असे उद्दिष्ट होते. महाराष्ट्रात बांधकाम खात्याच्या बोलीत या वर्गांची लाडकी नावे आहेत : प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे ‘प्रजिमा’, इतर जिल्हा मार्ग म्हणजे ‘इजिमा’. गावातला कार्यकर्ताही ‘आपला रस्ता इजिमातून प्रजिमात घ्या’ म्हणून निवेदन देतो, कारण वर्ग बदलला की निधीचा नळ बदलतो.

कोणता रस्ता कोणत्या वर्गातला, हे कडेच्या दगडावरून ओळखता येते. किलोमीटरच्या दगडाचे डोके पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्य महामार्ग. बारामती-इंदापूर रस्ता बराच काळ हिरव्या डोक्याचा. तेव्हा त्याची निगा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे होती; १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर त्याला येऊन मिळणारे ग्रामीण रस्ते त्यांच्याकडे गेले. १ जून १९४८ रोजी तेव्हाच्या अहमदनगरहून पुण्याला पहिली एसटी धावली, आणि पुढच्या काही वर्षांत अशाच राज्यरस्त्यांवरून लाल गाडी तालुक्या-तालुक्यांत पोचली. बारामतीला कॉलेज, इंदापूरला कचेरी, भवानीनगरला कारखाना, वालचंदनगरला नोकरी. या पन्नास किलोमीटरांत माणसांचे ओझेही कमी नव्हते.

१९७२ च्या दुष्काळात पुन्हा खडी फुटली. आता सरकार आपले होते, तरी काम तेच : हातोडा, घमेले, मस्टर आणि आठवड्याचा पगार. फरक असा की वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला या दुष्काळाने बळ दिले आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राने कामाचा हक्क कायद्यात घातला. १८७७ मध्ये खडी फोडणाऱ्याला मिळालेली मजुरी ही सरकारची मेहेरबानी होती. शंभर वर्षांनी ती मागण्याचा त्याला अधिकार मिळाला.

काळी माती आणि चौथा घात

या रस्त्यावर खड्डे का पडतात, याचे उत्तर कंत्राटदारावर ढकलून मोकळे होता येते. ते काही वेळा खरेही असते. पण जमिनीतही एक कारण आहे.

या भागातली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिलमध्ये शेतात उभे राहिले तर भेगेत मनगटापर्यंत हात जातो. जुलैत तीच भेग मिटलेली असते. अशा मातीवर थेट खडी टाकली तर वर्षाच्या आत रस्ता लाटांसारखा होतो. म्हणून आधी वरची काळी माती खरवडून काढायची, मुरमाचा जाड थर द्यायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा, त्यावर मोठी खडी, मग बारीक, मग डांबर. दोन्ही बाजूंना मुरमाची साइडपट्टी आणि त्यापलीकडे गटार. मधूनमधून मोऱ्या. रस्त्याची ताकद वरच्या काळ्या थरात नसते, ती खालच्या कोरडेपणात असते.

बागायती पट्ट्यात नेमके हेच अवघड. कालव्याचा पाझर, पाटाचे पाणी, रस्त्याला लागून भिजणारा ऊस यांमुळे पाया वर्षभर ओला. शेतात ट्रॅक्टर न्यायचा म्हणून कोणी गटार बुजवते, कोणी विहिरीवरून पलीकडच्या तुकड्याला पाइप नेण्यासाठी रस्त्याला आडवा चर मारते आणि वर माती लोटून मोकळे होते. पुढच्या पावसाळ्यात त्या चराच्या ठिकाणी पट्टा खचतो. जिरायत मुलखातला रस्ता गरीब असतो, पण टिकतो. ज्या पाण्याने या रस्त्याला काम दिले, तेच पाणी त्याचा पाया खाते.

आणि त्यावर वजन. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर ट्रक दिवसरात्र फिरवून एक प्रचंड प्रयोग झाला. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा : आसावरचे वजन दुप्पट झाले की रस्त्याची हानी दुप्पट होत नाही, सुमारे सोळा पट होते. अभियंते याला ‘चौथा घात’ म्हणतात. म्हणजे शंभर मोटारसायकलींनी जे बिघडत नाही, ते एक ठासून भरलेली ट्रॉली बिघडवते.

गळीत हंगामात या रस्त्याच्या कडेला तासभर उभे राहिले की हा नियम डोळ्यांना दिसतो. दिवाळीच्या सुमारास बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोड मजूर येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. पहाटे फडात तोड, मोळ्या बांधणे, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणे. रबरी चाकांची टायरगाडी भरली की मोळ्यांचा डोंगर बैलांच्या शिंगांच्या वर जातो आणि गाडीवान त्या डोंगराच्या टोकावर बसतो. तिच्यामागे ट्रॅक्टर, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. चढ आला की पुढची चाके हलकी होऊन डुलायला लागतात. मागच्या ट्रॉलीला बांधलेले चमकते कापड धुळीने माखलेले. भवानीनगरच्या वजनकाट्यापुढे रांग लागली की तिचे शेपूट रस्त्यावर येते. गाड्यांतून गळलेली कांडकी टायरांखाली चिरडून डांबराला चिकटतात. फाट्यावर कोयत्याच्या बाया वाढ्याच्या पेंढ्या मांडून बसतात, दूधवाले त्या मोटारसायकलला अडकवून नेतात. कागदावर हा प्रवासी वाहतुकीचा रस्ता असला, तरी हे चार-पाच महिने तो कारखान्याच्या गव्हाणीचाच वाढवलेला भाग असतो.

निमगाव केतकीच्या बाजूला ओझे बदलते. तिथले पानमळे जुने. विड्याच्या पानांच्या डागांना वजन कमी, पण घाई जास्त. पान सुकले की भाव गेला. अलीकडे डाळिंबाच्या आणि पेरूच्या क्रेटची त्यात भर पडली. इंदापूरच्या बाजारात उजनीचे मासे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने तालुक्याच्या उत्तर कडेला पाण्याचा विस्तार आणून ठेवला. मासे, पान आणि दूध ही घाईची ओझी. त्यांना भार नको, वेग हवा असतो. इथूनच पुढे रस्ता चौपदरी करण्याची मागणी पटू लागते.

पायांचे ओझे

वर्षातले काही दिवस या रस्त्यावरची सगळी चाके बाजूला होतात. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड करत पाटसला येते, रोटी घाट चढते आणि उंडवडीवरून बारामतीत मुक्काम करते. दुसऱ्या दिवशी पिंपळी-लिमटेक. गावकरी वेशीवर स्वागताला उभे. काटेवाडीला परीट समाजाचे लोक पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढपाळ आपल्या मेंढ्या पालखीभोवती पळवून रिंगण घालतात. सणसरचा मुक्काम उरकून बेलवाडीला पहिले गोल रिंगण : पताकावाले, तुळशीवाल्या, विणेकरी धावतात आणि शेवटी अश्व. पुढे लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. इंदापूरलाही रिंगण होते. मग सराटीला नीरेत पादुकांना स्नान घालून पालखी सोलापूर जिल्ह्यात, अकलूजला जाते.

तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी हा पालखी सोहळा १६८५ मध्ये सुरू केला, असे मानले जाते. म्हणजे कालव्याआधी दोनशे वर्षे, सर्व्हे नंबरांआधी दीडशे वर्षे. वारीचे सगळे ओझे पायांवर. आता दिंड्यांबरोबर सामानाचे ट्रक, पाण्याचे टँकर, फिरते दवाखाने असतात आणि त्या दिवसांत इतर वाहतूक दुसऱ्या रस्त्यांनी वळवली जाते. तरीही चालणारा चालतच असतो.

आठ बैलगाडीला, शून्य चालणाऱ्याला

रस्ता किती रुंद हवा, हे अभियंते गाड्या मोजून ठरवतात. पण सायकल आणि ट्रक सारखे मोजता येत नाहीत, म्हणून सगळ्यांचे रूपांतर मोटारीत करतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या १९९० च्या तक्त्यात मोटारीला १ गुण आहे, ट्रक किंवा बसला ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टरला साडेचार आणि बैलगाडीला ८. ती संथ म्हणून तिने अडवलेली जागा जास्त. या हिशेबात आपल्या रस्त्यावरची एक टायरगाडी म्हणजे आठ मोटारी. पायी चालणाऱ्यासाठी मात्र त्या तक्त्यात ओळच नाही. मेंढ्यांच्या कळपालाही नाही.

या पार्श्वभूमीवर ८ नोव्हेंबर २०२१ ची घटना पाहावी. त्या दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दोन पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची दूरदृश्य प्रणालीने पायाभरणी झाली. ज्ञानेश्वर महाराजांचा मार्ग सुमारे २२१ किलोमीटर, खर्च ६६९० कोटी रुपयांहून अधिक. तुकाराम महाराजांचा पाटस ते तोंडले-बोंडले हा सुमारे १३० किलोमीटर, खर्च सुमारे ४४०० कोटी. बारामती, पिंपळी, इंदापूर, अकलूज या दुसऱ्या मार्गावर. त्याला राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी हा क्रमांक मिळाला आणि दगडाचे हिरवे डोके पिवळे झाले. या आराखड्याची नवलाई म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ. ज्यांना तक्त्यात ओळ नव्हती, त्यांच्यासाठी महामार्गाच्या रुंदीत जागा धरली गेली. एवढ्या लांबीच्या भारतीय महामार्गावर चालणाऱ्याला असा मान क्वचितच मिळतो.

रुंदीकरण फुकट होत नाही. मोजणीचे लोक आले, शिवारात खुणा पडल्या, ‘थ्री-ए’ आणि ‘थ्री-डी’ हे शब्द चावडीवर आले. राष्ट्रीय महामार्ग कायद्यातल्या भूसंपादनाच्या सूचनांची ही कलमे. कोणाची विहीर गेली, कोणाचे दुकान, कोणाचा बांधावरचा कडुनिंब. मोबदल्याच्या पैशात कोणी बारामतीत प्लॉट घेतला, कोणी कर्ज फेडले. कडेचे वड आणि चिंचा या मापात बसत नव्हत्या.

आणि नवा रस्ता नवा पेच घेऊन येतो. चौपदरी रस्त्याला मधे दुभाजक असतो. ज्याचे घर एका बाजूला आणि रान दुसऱ्या बाजूला, त्याला ओलांडायला फट लागते. ती लांब असली की टायरगाडी उलट्या दिशेने येते. शंभराच्या वेगाने येणारी मोटार आणि ताशी चार किलोमीटरने जाणारा बैल एकाच डांबरावर आले की तक्त्यातले १ आणि ८ हे आकडे उरत नाहीत, उरतो तो अपघात. म्हणून अशा रस्त्यांवर भुयारी मार्ग, सेवा रस्ते आणि गावापाशी वेग कमी करणारी रचना यांची मागणी गावे करतात. ती मागणी प्रगतीच्या आड येणारी नाही. या रस्त्यावर काय काय चालते, हे गावाला तक्त्यापेक्षा जास्त माहीत आहे, एवढाच तिचा अर्थ.

आपल्या तालुक्यातल्या एखाद्या राज्य महामार्गाचा इतिहास लिहायचा झाला, तर उद्घाटनाच्या कोनशिलांपासून सुरुवात करू नये. आधी जुन्या गॅझेटियरमधले गाड्यांचे तक्ते पाहावेत. मग जवळच्या कालव्याचे, स्टेशनाचे आणि कारखान्याचे साल एका कागदावर लिहावे. जत्रा आणि दिंड्या कोणत्या तिथीला कुठून जातात हे विचारावे, आणि हंगामात एक दिवस फाट्यावर बसून जाणारी ओझी स्वतः मोजावीत. मोजताना चालणाऱ्यांसाठी एक रकाना जरूर ठेवावा. बारामती-इंदापूर रस्त्याला पदपथ मिळाले, कारण वारकऱ्यांची संख्या कोणाला डोळ्याआड करता येण्यासारखी नव्हती. बाकीच्या रस्त्यांवर शाळेला चालत जाणारी पोरे आणि कोयत्याच्या बाया अजून त्या रकान्याची वाट पाहत आहेत.